ओले सोवळे, कोरडे सोवळे

आमच्या निपाणीच्या घरात, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या जागेत, मोठ्या माणसाचाही हात पोचणार नाही इतक्या उंचीवर एक वेळूची दांडी आढ्याला टांगलेली असे. ती सोवळ्याची दांडी. आजी पहाटे विहिरीवर स्नान करी, ओलेत्यानेच आपले लुगडे धुऊन पिळी आणि कोपऱ्यातल्या काठीने ते त्या दांडीवर पसरी. दुसऱ्या दिवशी त्याच काठीने ते खाली उतरे. मधल्या चोवीस तासांत त्याला माणसाचा, मांजराचा किंवा शाळेच्या दप्तराचा स्पर्श होता कामा नये. आम्ही मुले खेळता खेळता नुसती दांडीखालून गेलो तरी आतून आवाज येई, "आपडूं नाका!" आजीचे माहेर काणकोणचे. पन्नास वर्षे घाटावर काढूनही राग, प्रार्थना आणि हिशेब या तीन गोष्टी तिला कोंकणीवाचून जमत नसत.

सोवळे घरात वाळवण्याला आमच्याकडे आणखी एक कारण होते. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. हंगामात वखारींतून तंबाखू चाळू लागले की एक बारीक तपकिरी धूळ वाऱ्यावर गावभर फिरे. अंगणात वाळत घातलेले पांढरे धोतर संध्याकाळपर्यंत फिक्या चहाच्या रंगाचे होई आणि ते झटकणारा शिंकून शिंकून बेजार होई. आजी म्हणे, शास्त्र राहू दे बाजूला, या गावात कपडा घरातच वाळवावा हे शहाणपण आहे.

एका बाबतीत मात्र तिचा कटाक्ष विलक्षण होता. श्रावण सोमवारी किंवा नवसाच्या दिवशी ती दांडीवरचे कोरडे लुगडेही नेसत नसे. स्नान करून, पाणी निथळत असलेल्या वस्त्रानेच, ती देवापुढे उभी राही. ओलेते हे सगळ्यांत मोठे सोवळे, कारण पाण्यातून नुकतेच निघालेले वस्त्र कोणाच्या स्पर्शाला अवसरच देत नाही, असे ती सांगे. हे तिचे मत मी इतक्या लहानपणी आणि इतक्या वेळा ऐकले की ते माझ्या अंगात मुरले. पुढे याच मताने मला एकदा दगा दिला. ती गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

१९६२ साली आजीच्या पोटात खडे असल्याचे निदान झाले आणि शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही असे ठरले. निपाणीकडच्या माणसांना त्या काळी अशा वेळी मिरज आठवे. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडातले डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस इस्पितळ उभारले. १९३३ साली ते वारले, तोवर मिरज हे नाव दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या वरच्या भागात शस्त्रक्रियेचे दुसरे नाव होऊन बसले होते. आम्ही कोल्हापुरापर्यंत मोटारीने व तेथून रेल्वेने गेलो. मी अकरा वर्षांची होते. घरात मागे ठेवण्यास कोणी नव्हते म्हणून माझीही वर्णी लागली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आजी सोवळे नेसून तयार होऊन बसली. वडिलांनी समजावून पाहिले, आईने डोळ्यांत पाणी आणले, पण ती हलेना. देवाच्या दारी जाताना जे वस्त्र नेसतात ते टाकून कोणाच्या तरी हातचे कापड आपण अंगावर घेणार नाही, असे तिचे म्हणणे. तेव्हा एक वयस्क परिचारिका आली. ती ख्रिस्ती होती. बोलणे अस्सल मिरजेचे. ती खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आजी, तुमचं सोवळं मी मोडत नाही. पण आमच्या आतल्या खोलीतही सोवळं असतं. या कपड्यांनी मला सुद्धा तिथं शिरू देत नाहीत."

आजीने विचारले, "कपडे धुता कशात?"

"आधी पाण्यात, मग वाफेत."

"आणि हात कोण लावतो?"

"ज्यानं कोपरापर्यंत हात घासलेत तो. त्यानंतर त्यानंही दुसऱ्या कशाला शिवायचं नाही."

आजी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली. मग काही न बोलता उठली आणि पडद्याआड जाऊन इस्पितळाचे कपडे घालून आली. दहा-बारा दिवसांनी जखम कोरडी होऊन आम्ही घरी परतलो तेव्हा भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे की तिथले सोवळे माझ्यापेक्षा कडक आहे. मोठमोठे डॉक्टर हात छातीशी वर धरून उभे राहतात आणि नाकाला खाज सुटली तरी शिवत नाहीत. आणखी एक गोष्ट तिने सांगितली नाही, ती मी पाहिली होती. शुद्धीवर आल्यावर पाण्याचा पहिला घोट तिने त्याच परिचारिकेच्या हातून घेतला. आमच्या घरी वखारीतल्या बायका अंगणात येत, तेव्हा त्यांना पाणी वरून ओतून दिले जाई. सोवळ्याचा हा दुसरा चेहराही आम्हांला ठाऊक होता, आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नसे.

मी परिचारिका झाले ती या मिरजेच्या सकाळीमुळे, असे म्हणावयास हरकत नाही. १९७२ ते २००९ अशी सदतीस वर्षे मी नोकरी केली, त्यांतली बहुतेक शस्त्रक्रियागृहात. रोग्याच्या अंगावर पसरावयाच्या कापडांना पुस्तकात ड्रेप म्हणत. आमच्या तोंडी टॉवेल, होल टॉवेल आणि शीट हेच शब्द असत. माझ्या हाताखालून अशी किती कापडे गेली असतील त्याचा हिशेब आजीच्या कोंकणीतही होणार नाही.

हे काम बाहेरून पाहणाऱ्याला परटाचे वाटते. धुऊन आलेले प्रत्येक कापड उजेडासमोर धरून पाहावयाचे. टाचणीएवढे भोक असले तरी ते बाजूला. आमच्याकडे रफू करून ते पुन्हा वापरण्याची पद्धत होती. ती मला कधी पटली नाही, कारण रफूची सुई एक भोक बुजवताना वीस पाडते. मग घडी. घडी अशी घालावयाची की उघडणाऱ्याचा हात आतल्या भागास न लागता कापड पंख्यासारखे उलगडत जावे. मग ड्रम. जस्ती डब्यासारख्या या ड्रमच्या कडेला छिद्रे असतात आणि त्यांवर सरकती पट्टी असते. वाफेच्या यंत्रात ठेवताना छिद्रे उघडी, बाहेर काढताच बंद. पंधरा पौंड दाब, १२१ अंश उष्णता, कापडासाठी तीस मिनिटे, आणि त्यानंतर वाफ काढून घेऊन वाळवण. ड्रम ठासून भरला तर मधल्या घड्यांत हवा अडकते, आणि जिथे हवा अडकली तिथे वाफ पोचत नाही. यंत्र हवा नीट बाहेर काढते की नाही हे पाहण्याची एक युक्ती १९६३ साली बोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडली. टॉवेलांची चळत रचावयाची, तिच्या मध्यभागी उष्णतेने रंग बदलणारी पट्टी फुलीसारखी चिकटवावयाची, आणि चक्र संपल्यावर ती सर्वत्र सारखी काळी झाली आहे का ते पाहावयाचे. मधोमध फिकी राहिली तर तेथे वाफ गेलेली नाही.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरची शिस्त आणखी कडक. त्वचेला औषध लावून ते वाळू द्यावयाचे. नंतर जखमेच्या जागेभोवती चार बाजूंनी चार टॉवेल, कोपऱ्यांना चिमटे, आणि त्यांवर मधोमध भोक असलेली मोठी शीट. कापड जखमेच्या जागेपासून बाहेरच्या दिशेला उलगडत न्यावयाचे. एकदा टेकले की ते बाहेरच्या बाजूस थोडे ओढता येते, आतल्या बाजूस कदापि नाही. कारण बाहेरच्या त्वचेला लागलेली कड जखमेकडे आणणे म्हणजे जंतूंना वाट दाखवणे. आणि टेबलाच्या पातळीखाली जो भाग लोंबतो, तो त्याच शीटचा असला तरी ओवळा समजावयाचा. हे सारे शिकताना मला कधी जड गेले नाही. माझ्याबरोबरच्या मुली घोकत असत. माझ्या कानात "आपडूं नाका" चालू असे.

कापडे हिरवी का, असे भेटीला आलेले लोक नेहमी विचारत. पूर्वी ती पांढरीच असत. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये पालकाच्या रंगाची कापडे वापरण्यास आरंभ केला, कारण रक्ताच्या लाल रंगावर खिळलेली नजर पांढऱ्या चादरीवर गेली की डोळे दिपतात. निर्जंतुकतेशी त्या रंगाचा काही संबंध नाही.

आता १९७८ च्या जुलैतली गोष्ट. इस्पितळाचे नाव सांगत नाही. दोष माझा होता आणि ती वास्तू कोणाला ओळखू येऊ नये अशी माझी इच्छा आहे. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. सकाळपासून वीज येत होती आणि जात होती. त्या दिवशी यादीवर सहा शस्त्रक्रिया होत्या. तिसऱ्याच्या वेळी मी ड्रम उघडला आणि वरचा टॉवेल हातात घेतला, तो गार लागला. ओला म्हणता येणार नाही, दमट. यंत्रातली वाळवण वीज गेल्यामुळे अर्धवट राहिली होती हे मला तत्काळ कळले. बाहेर काढल्यावर दमट राहिलेला गठ्ठा निर्जंतुक मानावयाचा नाही, हा नियमही पाठ होता. दुसरा ड्रम तयार होण्यास तास-दीड तास लागला असता. हात धुऊन उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, किती वेळ?"

त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते मी प्रामाणिकपणे लिहिते. मला आजी दिसली, पाणी निथळत असलेल्या लुगड्यात देवापुढे उभी. ओले म्हणजे अशुद्ध असे माझ्या मनाला वाटेचना. वाफेतूनच तर आलेले आहे, आतली ओल ती वाफेचीच, असे मी स्वतःला सांगितले आणि टॉवेल पुढे केला.

टेबलावर आमच्याच निपाणीकडचा एक हमाल होता. तंबाखूच्या गाठी उचलून उचलून त्याला हर्निया झाला होता. हर्नियाची शस्त्रक्रिया स्वच्छ जातीची. तिथे पू होण्याचे कारण नसते. चौथ्या दिवशी त्याला ताप आला आणि सहाव्या दिवशी टाक्यांतून पू वाहू लागला. जखम उघडावी लागली. रोज पट्टी, रोज वेदना, आणि मधल्या पावसाळ्यात घरी बसलेली बायको-मुले. तो हंगामापर्यंत बरा झाला, पण गाठी उचलण्याइतका झाला नाही. त्याच्या त्या वर्षीच्या मजुरीवर पाणी पडले. दमट टॉवेलमुळेच हे घडले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. त्वचेवरून, हवेतून, हातातून, कोठूनही जंतू आलेले असू शकतात. पण मला ठाऊक होते की एक वाट मी उघडी ठेवली होती. जाताना त्याच्या बायकोने भुईमुगाच्या शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली. "ताई, तुम्ही आमच्या गावच्या, लई केलंत," असे म्हणाली. त्या शेंगा मी वॉर्डात वाटून टाकल्या. त्याला मी काही सांगितले नाही.

बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणवर्गात मला कळले की माझ्या त्या दिवसाच्या सव्वीस वर्षे आधी हा प्रश्न सुटलेला होता. विल्यम बेक या अमेरिकन शल्यविशारदाने एका सहकाऱ्यासह १९५२ साली एक निबंध लिहिला. शस्त्रक्रियागृहातील झगा आणि चादर यांवर आपण ठेवतो तो विश्वास खोटा आहे, असा त्याचा आशय. सुती कापड कोरडे असते तोवर ते बऱ्यापैकी आडोसा करते. उभ्या-आडव्या दोऱ्यांमधल्या फटी जंतूच्या मानाने दिंडी दरवाजाएवढ्या असतात. परंतु जंतूला पाय नसतात. तो त्वचेच्या सूक्ष्म कोंड्यावर बसून जातो, आणि असा कोंडा कोरड्या कापडात पुष्कळसा अडकून राहतो. तेच कापड रक्ताने, पाण्याने, घामाने भिजले की दोऱ्यांतून द्रव झिरपू लागतो आणि त्याबरोबर जंतू विनासायास पलीकडे जातात. कंदिलाच्या वातीतून तेल चढते तसे.

म्हणजे माझ्या आजीचे सोवळे आणि माझे सोवळे यांत एवढाच फरक होता आणि तोच मी विसरले होते. तिच्या घरी ओलावा पावित्र्याची खूण होती. माझ्या घरी तो वैऱ्याचा पूल होता. गंमत अशी की शस्त्रक्रियेतल्या सोवळ्याचा आरंभही ओल्यातूनच झाला. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा उपयोग जगापुढे मांडला. ते पुढे जखमेभोवती कार्बोलिकमध्ये भिजवलेले टॉवेल ठेवीत. तिथे औषध जंतू मारत होते, म्हणून ओल चालून जाई. १८८० नंतर बर्लिनमध्ये बेर्गमान आणि त्यांचे सहकारी शिमेलबुश यांनी औषधाऐवजी वाफ आणली, आणि तेव्हापासून कापडाची सारी मदार कोरडेपणावर येऊन ठेपली. आमच्या हातातला तो जस्ती ड्रमही शिमेलबुश यांच्याच ड्रमच्या वंशातला.

बेक यांच्यानंतर कापड बदलत गेले. अधिक दाट विणीचे, पाणी न शोषणारी प्रक्रिया केलेले सुती आले. नंतर न विणलेले, कृत्रिम तंतूंचे थर एकमेकांवर दाबून केलेले निळे कापड आले, जे एकदा वापरून टाकून देतात. २०२० च्या साथीत ज्या पोशाखांसाठी सारा देश धावला, ते याच कुळातल्या कापडाचे. या निळ्या कापडाने परिचारिकेचे कष्ट वाचवले हे खरे. परंतु आता एक नवीनच समजूत रूढ झाली आहे की जे महाग आणि एकदाच वापरावयाचे, तेच शुद्ध. रोग्याचे नातेवाईक बिलावर त्याचा आकडा पाहून समाधान पावतात. आमच्या आजीचा रेशमी मुकट्यावरही असाच राग होता. रेशीम विटाळत नाही, धुवावे लागत नाही, म्हणून ते श्रेष्ठ, हे शास्त्र श्रीमंतांनी केले असावे, असे ती म्हणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केले, ते मी निवृत्त झाल्यावर मुद्दाम मिळवून वाचले. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे अकरा रोग्यांची जखम दूषित होते, असा आकडा त्या वेळी संघटनेने दिला. कापडाविषयी तिचे मत असे की धुऊन पुन्हा वापरण्याचे विणलेले कापड आणि एकदाच वापरण्याचे न विणलेले कापड, दोन्ही चालतील; ते निर्जंतुक असले पाहिजे. आणि त्वचेवर चिकटवावयाचा जो पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ज्यातून डॉक्टर छेद घेतात, तो दूषण टाळण्याच्या हेतूने वापरू नये. औषध लावलेला असो वा नसो, त्याने दूषण कमी होते असा पुरावा नाही. हे वाचून मला उगाचच बरे वाटले. माझ्या धुतलेल्या, उजेडासमोर धरलेल्या कापडांची कोणीतरी बाजू घेतली होती.

गेल्या वर्षी पावसाळ्यात घरच्याच पायरीवरून माझा पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. मुलाने मला तवंदी घाट ओलांडून थेट बेळगावास नेले. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे मी पूर्ण जागी होते. पस्तीस-सदतीस वर्षे ज्या कापडाच्या वरच्या बाजूला मी उभी राहिले, त्याच्या खालच्या बाजूला मी प्रथमच होते. तोंडासमोर हिरवे कापड उभे धरलेले. पलीकडून अवजारांचा आवाज, कोणाची तरी पावले. माणूस किती एकटा असतो ते तेव्हा कळते. माझ्या मनात सारखा तो हमाल येत होता. तोही असाच वर पाहत असेल काय?

बाहेर पाऊस कोसळत होता, आणि दिवे एकदा लुकलुकले. उशाजवळ एक तरुण परिचारिका उभी होती. गोकाककडची असावी, मराठी तुटक बोलत होती, मधून मधून कन्नड. मी तिला म्हटले, "बाळ, गठ्ठा उघडताना हातात घेतलास तेव्हा गार लागला का?"

तिला प्रश्न कळला नाही असे मला वाटले. पण ती थबकली, आणि तिने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले. मग पडद्यापलीकडे जाऊन, हात न लावता, वाकून काहीतरी पाहून आली. येताना गठ्ठ्यावरून काढलेल्या पट्टीचा तुकडा तिने माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्यावरच्या रेघा शेवटपर्यंत काळ्या झाल्या होत्या. पण त्या रेघा उष्णतेच्या, कोरडेपणाच्या नव्हेत. हे तिलाही ठाऊक असणार, कारण ती तेवढ्यावर थांबली नाही.

"ओणगैती, अज्जी," ती हळूच म्हणाली. कोरडे आहे.